तुर्कस्तान आणि आर्मेनिया यांच्यातला समेट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मे २०२५ मध्ये पुण्याच्या मार्केट यार्डातल्या व्यापाऱ्यांनी तुर्की सफरचंद घ्यायचं बंद केलं आणि तेव्हापासून तुर्कस्तानबद्दलच्या प्रश्नांचा ओघ वाढला. त्यातले बरेचसे फिरून फिरून १९१५ वर आणि आर्मेनियाशी चाललेल्या बोलण्यांवर येतात. तेच इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, किचकट नंतर. तीच गोष्ट पुन्हा सांगावी लागू नये म्हणून जागोजागी दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. मजकूर २०२५ अखेरपर्यंतच्या घडामोडी धरून आहे.

१. मुळात १९१५ मध्ये झालं काय?

पहिल्या महायुद्धात ऑटोमन साम्राज्य जर्मनीच्या बाजूने लढत होतं. सत्ता तरुण तुर्कांच्या पक्षाकडे, म्हणजे प्रत्यक्षात तलात, एन्वर आणि जमाल या तीन पाशांकडे होती. जानेवारी १९१५ मध्ये सारिकामिशच्या बर्फात रशियनांनी एन्वरच्या फौजेचा धुव्वा उडवला. त्याचं खापर साम्राज्यातल्या आर्मेनियनांवर, म्हणजे तिथल्या ख्रिश्चन अल्पसंख्याकांवर फुटलं: हे लोक रशियाला फितूर आहेत. २४ एप्रिलला राजधानी इस्तंबूलमधून दोन-अडीचशे आर्मेनियन लेखक, वकील, संपादक, पुढारी उचलले गेले. त्यांतले बरेचसे पुढे मारले गेले. मेअखेरीस हद्दपारीचा कायदा आला आणि अनातोलियातली (आजच्या तुर्कस्तानच्या आशियाई भागातली) गावंच्या गावं सीरियाच्या वाळवंटाकडे, देर एझ-झोरच्या दिशेने, पायी हाकलली गेली. पुरुषांना बहुतेकदा गावाबाहेर वेगळं काढून मारलं. बायका, मुलं, म्हातारी माणसं वाटेत भूक, साथी आणि हल्ले यांना बळी पडली. कित्येक मुली आणि मुलं मुस्लिम घरांत गेली, धर्म आणि नाव बदलून तिथेच वाढली.

मृतांचे अंदाज सहा लाखांपासून पंधरा लाखांपर्यंत जातात. आर्मेनिया पंधरा लाख हा आकडा धरतो.

२. तुर्कस्तान हे सगळं घडलंच नाही म्हणतो का?

तसं म्हणत नाही, आणि वाद समजून घ्यायचा तर हे आधी लक्षात घ्यायला हवं. हद्दपारी झाली, माणसं मोठ्या संख्येने मेली, हे अंकारा, म्हणजे तुर्की सरकार, मान्य करतं. नाकारतं ते दोन गोष्टी: एक म्हणजे आर्मेनियन समाज संपवायचा सरकारचा हेतू होता, आणि दुसरं म्हणजे याला वंशसंहार म्हणावं. अधिकृत भूमिका अशी की युद्ध चालू होतं, आर्मेनियन टोळ्या रशियाला मिळाल्या होत्या, मुस्लिमही मेले, सगळ्यांनीच सोसलं. या विषयावर काम करणारे बहुसंख्य अभ्यासक, त्यांत तुर्की अभ्यासकही आले, हा बचाव मान्य करत नाहीत. आघाडीपासून शेकडो मैल दूर असलेल्या गावांतल्या बायका-मुलांना वाळवंटात का धाडलं, याचं उत्तर त्या बचावात सापडत नाही.

गंमत म्हणा की दैवदुर्विलास, पण या गुन्ह्यासाठी पहिले खटले खुद्द इस्तंबूलमध्येच चालले. युद्ध हरल्यावर ऑटोमन लष्करी न्यायालयाने जुलै १९१९ मध्ये तलात, एन्वर, जमाल यांना त्यांच्या गैरहजेरीत फाशीची शिक्षा सुनावली. त्याआधी एप्रिलमध्ये बोआझलियानचा अधिकारी कमाल बे याला प्रत्यक्ष फाशी दिलं गेलं होतं. पुढे वारं फिरलं. १९२२ मध्ये अंकाराच्या संसदेने याच कमाल बेला राष्ट्रीय हुतात्मा ठरवलं. १९२१ मध्ये बर्लिनला एका आर्मेनियन तरुणाच्या गोळीला बळी पडलेल्या तलातचे अवशेष १९४३ मध्ये इस्तंबूलला आणून सन्मानाने पुरले. राज्यकर्त्यांनी एकदा कबुलीच्या दिशेने टाकलेलं पाऊल मागे घेतलं ते असं.

३. वंशसंहार मान्य केला तर तुर्कस्तानला भरपाई आणि जमीन द्यावी लागेल, म्हणून ते मान्य करत नाहीत. हे खरं का?

भीती खरी आहे, कायद्याचा आधार मात्र कच्चा. २००१ मध्ये दोन्ही बाजूंच्या माजी मुत्सद्द्यांनी आणि जाणत्या मंडळींनी मिळून एक समेट आयोग नेमला होता. त्याने न्यूयॉर्कच्या इंटरनॅशनल सेंटर फॉर ट्रान्झिशनल जस्टिस या संस्थेमार्फत कायदेशीर मत मागवलं. २००३ मध्ये आलेलं मत दोघांनाही अर्धं गोड, अर्धं कडू होतं. १९१५ च्या घटना १९४८ च्या वंशसंहार कराराच्या व्याख्येत बसतात. पण तो करार पूर्वलक्षी नाही, म्हणून त्याच्या आधारे जमीन किंवा भरपाई मागता येणार नाही. इतका नेमका तोडगा हातात असूनही कुणी तो उचलला नाही. २००४ मध्ये आयोगाचं काम संपलं.

जमिनीबद्दल आणखी एक. आजची सीमा १९२१ च्या कार्स तहाने ठरली. अरारात पर्वत तेव्हापासून तुर्कस्तानात आहे, पण आर्मेनियाच्या राजमुद्रेवर तोच झळकतो. अंकाराला हे खुपतं. अरारातचं पुढे काय झालं ते प्रश्न १४ मध्ये आहे. खासगी मालमत्ता आणि विम्याचे दावे हा वेगळा मामला. त्यासाठी प्रश्न २० पाहा.

४. सीमा कधीपासून बंद आहे? १९१५ मुळेच ना?

नाही, आणि सर्वांत जास्त घोळ इथेच होतो. सोव्हिएत संघ मोडल्यावर डिसेंबर १९९१ मध्ये तुर्कस्तानने स्वतंत्र आर्मेनियाला मान्यता दिली. राजदूत मात्र नेमले नाहीत. तरीही काही काळ कार्सहून ग्युमरीला रेल्वे जात होती आणि तुर्कस्तानमार्गे आर्मेनियात गहू येत होता. मग नागोर्नो-काराबाख या अझरबैजानमधल्या आर्मेनियन वस्तीच्या प्रदेशावरून झालेल्या युद्धात आर्मेनियन फौजांनी अझरबैजानचा कल्बजार जिल्हा घेतला. अझरबैजान तुर्कस्तानचा भाऊबंद. 'एक राष्ट्र, दोन राज्यं' ही तिथली रोजची घोषणा. एप्रिल १९९३ मध्ये तुर्कस्तानने सीमा बंद केली. तीनशेहून अधिक किलोमीटरची ही सीमा तेव्हापासून कुलूपबंद.

म्हणजे गाठी तीन: १९१५, सीमा आणि काराबाख. बहुतेक बोलणी फसली ती एका गाठीला हात घातल्यावर दुसरी आवळली गेली म्हणून.

५. 'फुटबॉल डिप्लोमसी' म्हणतात ती काय भानगड आहे?

२०१० च्या विश्वचषकाच्या पात्रता फेरीत चिठ्ठ्या पडल्या आणि दोन्ही देश एकाच गटात आले. आर्मेनियाचे अध्यक्ष सर्ज सार्गस्यान यांनी तुर्कस्तानचे अध्यक्ष अब्दुल्ला गुल यांना सामन्याचं आमंत्रण धाडलं. ६ सप्टेंबर २००८ रोजी गुल आर्मेनियाच्या राजधानीत, येरेव्हानला आले. तुर्की राष्ट्रप्रमुखाने आर्मेनियाच्या भूमीवर पाय ठेवण्याची ही पहिलीच वेळ. तुर्कस्तान २-० ने जिंकला, आणि सामना कसा झाला हे कुणालाच फारसं आठवत नाही.

पडद्यामागे स्वित्झर्लंड मध्यस्थी करत होतं. १० ऑक्टोबर २००९ रोजी झ्युरिकमध्ये दोन मसुद्यांवर सह्या व्हायच्या होत्या. एक राजनैतिक संबंध जोडण्याचा, दुसरा संबंध वाढवण्याचा. त्यात करार लागू झाल्यापासून दोन महिन्यांत सीमा उघडायचं कलम होतं. हिलरी क्लिंटन, रशियाचे लावरोव्ह, फ्रान्सचे कूशनेर, युरोपीय संघाचे सोलाना असे सगळे जमले आणि ऐन वेळी अडलं. सह्या झाल्यावर कोण काय भाषण करणार, यावरून दोन्ही परराष्ट्रमंत्री हटून बसले. क्लिंटन हॉटेलबाहेर गाडीत बसून दोन्हीकडे फोन करत होत्या. तीनेक तासांनी तोड निघाली ती अशी: भाषणंच नकोत. सह्या झाल्या, फोटो निघाले, कुणी अवाक्षर काढलं नाही. चारच दिवसांनी सार्गस्यान बुर्साला परतीचा सामना पाहायला गेले. तोही तुर्कस्तानने २-० ने जिंकला.

नंतर सगळं सांडलं. एर्दोगान तेव्हा पंतप्रधान होते आणि त्यांनी मे २००९ मध्येच अझरबैजानच्या राजधानीत, बाकूला जाऊन शब्द दिला होता की काराबाख सुटल्याशिवाय सीमा उघडणार नाही. मसुद्यांत काराबाखचा उल्लेखही नव्हता. पण अझरबैजान खवळलं आणि तुर्की संसदेत मसुदे पडून राहिले. इकडे जानेवारी २०१० मध्ये आर्मेनियाच्या घटना न्यायालयाने मसुदे वैध ठरवले, वर एक पाचर मारली: वंशसंहाराला जगाची मान्यता मिळवण्याचं जे वचन स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात आहे, त्याच्या विरोधात जाईल असा अर्थ या मसुद्यांचा लावता येणार नाही. अंकाराला निमित्तच हवं होतं. एप्रिल २०१० मध्ये आर्मेनियाने मंजुरीची प्रक्रिया थांबवली आणि १ मार्च २०१८ रोजी मसुदे रद्दबातल जाहीर केले.

६. इतिहासकारांचा संयुक्त आयोग नेमा, हा तुर्कस्तानचा प्रस्ताव तर वाजवी वाटतो. आर्मेनिया का नको म्हणतो?

एर्दोगान यांनी २००५ मध्ये आर्मेनियाचे तेव्हाचे अध्यक्ष रॉबर्ट कोचार्यान यांना पत्र लिहून हा प्रस्ताव मांडला. कोचार्यान यांचं उत्तर होतं की दोन देशांचे संबंध सुधारणं हे सरकारांचं काम आहे, ते इतिहासकारांवर ढकलता येणार नाही; आधी विनाअट संबंध जोडू, मग आयोग नेमू.

लांबून पाहणाऱ्याला प्रस्ताव वाजवी वाटतो, कारण 'दोन्ही बाजू ऐका' हे आपल्या अंगवळणी पडलेलं आहे. पण बळी गेलेल्याच्या नातवंडांना हा आयोग म्हणजे 'तुमचे आजोबा खरंच मारले गेले का, हे आता समिती ठरवेल' असा निरोप वाटतो. त्यात तेव्हा तुर्कस्तानात यावर मोकळेपणी लिहिणाऱ्यावर खटला भरला जात होता (प्रश्न १०). एका बाजूच्या संशोधकाने तोंड उघडलं की कोर्टात जायचं, अशा स्थितीत संयुक्त संशोधन कसलं? माझ्या मते आर्मेनियाची शंका रास्त होती. झ्युरिकच्या मसुद्यात मात्र त्याने इतिहासाच्या उपआयोगाला होकार दिला होता, आणि सार्गस्यान यांना घरच्या टीकेचे सर्वांत जास्त फटके त्यासाठीच बसले.

७. आत्ता नेमकं काय चाललंय?

२०२० च्या ४४ दिवसांच्या युद्धात अझरबैजानने काराबाखभोवतीचा बराच मुलूख परत घेतला. सप्टेंबर २०२३ मध्ये उरलेलंही घेतलं आणि एक लाखाहून अधिक आर्मेनियन काही दिवसांत घरदार सोडून आर्मेनियात आले. १९९३ मध्ये सीमा ज्या कारणाने बंद झाली, ते कारण अशा क्रूर रीतीने संपलं. हरलेल्या देशाच्या पंतप्रधानांना, निकोल पाशिन्यान यांना, शेजाऱ्याशी जुळवून घेण्यावाचून गत्यंतर उरलं नाही, आणि त्यांनी ते उघडपणे मान्यही केलं.

डिसेंबर २०२१ मध्ये दोन्ही देशांनी विशेष दूत नेमले: तुर्कस्तानकडून सेर्दार कलच, आर्मेनियाकडून रुबेन रुबिन्यान. फेब्रुवारी २०२२ मध्ये इस्तंबूल–येरेव्हान विमानं पुन्हा सुरू झाली. जुलै २०२२ मध्ये ठरलं की तिसऱ्या देशाच्या नागरिकांसाठी सीमा उघडायची. ठरलं एवढंच. फेब्रुवारी २०२३ मध्ये तुर्कस्तानात महाभूकंप झाला तेव्हा सीमेवरच्या मार्गाराच्या पुलावरून मदतीचे पाच ट्रक गेले. तीस वर्षांत पहिल्यांदाच तिथून वाहनं गेली. आर्मेनियन बचाव पथक आदियामानच्या ढिगाऱ्यांत काम करत होतं. २० जून २०२५ रोजी पाशिन्यान इस्तंबूलला एर्दोगान यांना भेटले आणि सप्टेंबरमध्ये कलच रस्त्याने, मार्गाराची सीमा ओलांडून येरेव्हानला गेले. कार्स–ग्युमरी रेल्वे आणि आनी इथला पडका पूल दुरुस्त करण्यावर बोलणी चालू आहेत.

तरी दार उघडत नाही, कारण किल्ली अजून बाकूच्या खिशात आहे. ८ ऑगस्ट २०२५ रोजी वॉशिंग्टनमध्ये आर्मेनिया आणि अझरबैजान यांनी शांतता कराराच्या मसुद्यावर आद्याक्षरं केली. अंतिम सही बाकी आहे, आणि आर्मेनियाने आधी आपली राज्यघटना बदलावी असा बाकूचा आग्रह आहे. अंकारा त्या सहीची वाट पाहतंय.

८. मी तुर्कस्तान फिरायला जातोय. आनी पाहून तिथूनच आर्मेनियात जाता येईल का?

नाही. आनी ही मध्ययुगीन आर्मेनियन राजधानी तुर्कस्तानच्या कार्स प्रांतात, अगदी सीमेवर आहे. खाली अखुरियान नदी, पलीकडे आर्मेनिया. जुन्या पुलाचे दोन्ही काठांवरचे बुंधे शिल्लक आहेत, मधली कमान कोसळलेली. पलीकडे जायचं तर कार्सहून जॉर्जियात शिरून ग्युमरीला उतरायचं किंवा इस्तंबूलहून येरेव्हानचं विमान धरायचं. भारतीयांसाठी व्हिसाचे नियम दोन्हीकडे बदलत असतात, ते निघण्याआधी अधिकृत संकेतस्थळांवर तपासा.

९. सीमा उघडली, राजदूत आले, म्हणजे समेट झाला असं म्हणायचं का?

मी म्हणणार नाही. संबंध सुरळीत करणं हे सरकारांचं काम आहे आणि त्यासाठी इतिहासावर एकमत लागत नाही. येरेव्हान आणि अंकारा यांनी आत्ताच्या बोलण्यांत १९१५ जाणूनबुजून बाजूला ठेवलंय. सीमेवरच्या गावांना त्याचा फायदा होईल, मालवाहतुकीचा जॉर्जियामार्गे पडणारा वळसा वाचेल, आणि तेवढ्यासाठीही हे करण्याजोगं आहे. समेट ही पुढची पायरी. तिथे कबुली लागते, आणि ती अंकाराकडून आलेली नाही. वर्तमानपत्रं हे दोन्ही शब्द एकाच अर्थाने वापरतात आणि त्यातूनच 'ऐतिहासिक समेट' असे मथळे दर दोन वर्षांनी येतात.

१०. ह्रांत दिंक कोण होते? त्यांचं नाव सारखं का येतं?

इस्तंबूलमधले आर्मेनियन पत्रकार. १९९६ मध्ये सुरू झालेल्या 'आगोस' या तुर्की–आर्मेनियन साप्ताहिकाचे संपादक. ते दोन्ही बाजूंना टोचायचे: तुर्कांना म्हणायचे, बघा काय झालं ते, परदेशातल्या आर्मेनियनांना म्हणायचे, तुर्कद्वेषाचं विष रक्तातून काढून टाका. हेच दुसरं वाक्य उलटं वाचून, तुर्कत्वाचा अपमान केला म्हणून तुर्की दंडसंहितेच्या कलम ३०१ खाली त्यांना २००५ मध्ये दोषी ठरवलं गेलं. १९ जानेवारी २००७ रोजी 'आगोस'च्या कचेरीबाहेर सतरा वर्षांच्या मुलाने त्यांना गोळ्या घातल्या. पकडल्यावर सुरक्षा दलाच्या लोकांनी त्या मुलाच्या हाती तुर्की झेंडा देऊन त्याच्यासोबत काढलेली छायाचित्रं बाहेर आली.

अंत्ययात्रेला लाखभर लोक आले. त्यांत बहुसंख्य तुर्क, हातात फलक: 'आपण सगळे ह्रांत दिंक, आपण सगळे आर्मेनियन.' २०१० मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने ठरवलं की धोका माहीत असूनही तुर्की यंत्रणेने त्यांचा जीव वाचवला नाही. मारेकरी नोव्हेंबर २०२३ मध्ये चांगल्या वर्तणुकीची सूट मिळून सुटला.

११. तुर्कस्तानातून कुणी माफी मागितलीय का?

सरकारने नाही, माणसांनी मागितलीय. डिसेंबर २००८ मध्ये काही तुर्की विचारवंतांनी इंटरनेटवर माफीनामा ठेवला. त्यात वंशसंहार हा शब्द टाळला होता, पण 'माझ्या वाट्याची माफी मी मागतो' असं स्पष्ट म्हटलं होतं. सुमारे तीस हजार लोकांनी नावानिशी सही केली. काही कुर्द नेत्यांनीही माफी मागितली, कारण १९१५ च्या हल्ल्यांत कुर्द टोळ्याही होत्या.

सरकारकडून सर्वांत पुढचं पाऊल पडलं ते २३ एप्रिल २०१४ रोजी. एर्दोगान यांनी मृत आर्मेनियनांच्या नातवंडांना सहवेदना कळवल्या. असं करणारे ते पहिले तुर्की पंतप्रधान. त्यात माफी नव्हती आणि पुढच्या वर्षांत भाषा पुन्हा कडक झाली.

१२. कार्सचा तो पुतळा पाडला, तो प्रकार काय?

कार्स हे आर्मेनियन सीमेजवळचं तुर्की शहर. तिथल्या महापौरांच्या पुढाकाराने शिल्पकार मेहमेत अक्सोय यांनी टेकडीवर तीसेक मीटर उंचीचं मानवतेचं स्मारक उभारायला घेतलं: मधोमध दुभंगलेला माणूस, दोन अर्धे एकमेकांसमोर. पुढे केलेला हात बसवायचा बाकी होता. जानेवारी २०११ मध्ये एर्दोगान कार्सला आले, त्यांनी त्याला विद्रूप म्हटलं, आणि एप्रिलमध्ये क्रेन लावून ते तुकड्यातुकड्यांनी उतरवलं गेलं. झ्युरिकच्या मसुद्यांचं काय झालं हे एका चित्रात सांगायचं तर याहून नेमकं काही नाही.

१३. तुर्कस्तानने जुनी आर्मेनियन चर्च दुरुस्त केली, हे चांगलं लक्षण नाही का?

आहे, पण पोटात अटी आहेत. व्हान सरोवरातल्या आक्दामार बेटावरचं दहाव्या शतकातलं चर्च २००७ मध्ये दुरुस्त झालं, तेही संग्रहालय म्हणून. तिथे प्रार्थनेला २०१० पासून परवानगी आहे, तीही वर्षातून एकदा. दियारबाकिरचं सुर्प गिरागोस चर्च आर्मेनियन समाजाने २०११ मध्ये उभं केलं, २०१५-१६ च्या चकमकींत त्याची नासधूस झाली, मग सरकारने आख्खा परिसर ताब्यात घेतला. २०२२ मध्ये ते पुन्हा उघडलं. २०११ च्या वटहुकुमाने अल्पसंख्याकांच्या न्यासांना काही मालमत्ता परत मिळाल्या, हीदेखील जमेची बाजू. आज तुर्कस्तानात पन्नास-साठ हजार आर्मेनियन आहेत, बहुतेक इस्तंबूलमध्ये. अनातोलियात पूर्ण आर्मेनियन म्हणावं असं एकच गाव उरलंय, हाताय प्रांतातलं वाकिफली.

१४. परदेशातले आर्मेनियन या बोलण्यांना विरोध का करतात?

कारण ते दुसऱ्याच गावचे. आजच्या आर्मेनियातल्या पुष्कळांचे पूर्वज पूर्वेकडचे, रशियन साम्राज्यातले. लॉस एंजेलिस, बैरुत, पॅरिसमधल्या आर्मेनियनांचे आजे-पणजे बहुतांशी १९१५ च्या तांड्यांतून वाचलेले. येरेव्हानच्या माणसाला बंद सीमा रोज टोचते. बैरुतच्या माणसाचं तिच्यावाचून काही अडत नाही, त्याचं गाव अनातोलियात, हारपूतला किंवा मराशला राहिलंय. २००९ मध्ये सार्गस्यान यांच्या दौऱ्यात पॅरिसपासून बैरुतपर्यंत निदर्शनं झाली ती यातून.

पाशिन्यान यांच्यावरचा राग तर आणखी तिखट आहे. जगाची मान्यता मिळवणं ही आता आमची प्राथमिकता नाही, असं ते म्हणाले. जानेवारी २०२५ मध्ये त्यांनी झ्युरिकमध्ये बोलताना प्रश्न केला की १९३९ मध्ये वंशसंहाराचा विषय नव्हता, मग १९५० मध्ये कसा आला. विरोधकांनी त्यात नकाराचा सूर ऐकला. त्यानंतर नोव्हेंबर २०२५ पासून आर्मेनियाच्या सीमेवरच्या पासपोर्ट शिक्क्यावरून अरारात काढला गेला. शेजाऱ्याला दिलासा देण्याच्या भरात स्वतःच्याच मृतांवर प्रश्नचिन्ह लावणं मला पटत नाही; शिक्का बदलणं पटतं.

१५. आर्मेनियनांनीही तुर्क मारलेच ना?

हो. १९७०-८० च्या दशकांत असालासारख्या सशस्त्र आर्मेनियन गटांनी तीसहून अधिक तुर्की मुत्सद्दी आणि त्यांचे कुटुंबीय मारले. १९८३ मध्ये पॅरिसच्या ओर्ली विमानतळावर बॉम्ब फोडला. तुर्की परराष्ट्र खात्यात ही आठवण ताजी आहे आणि ती समजून न घेता तिथल्या माणसाशी बोलणं होत नाही. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस पूर्व अनातोलियात मुस्लिम गावांवर सूडाचे हल्लेही झाले. पण दशकांनंतरच्या खुनांनी १९१५ ची फिट्टंफाट होत नाही, हे सांगावं लागू नये. एप्रिल २०२३ मध्ये येरेव्हानमध्ये तलात वगैरेंना मारणाऱ्यांचं स्मारक उभं राहिलं तेव्हा तुर्कस्तानने आर्मेनियन विमानांना काही काळ हवाई हद्द बंद केली.

१६. व्हॉट्सॲपवर येतं की हा मुसलमानांनी केलेला ख्रिश्चनांचा संहार होता. बरोबर?

अर्धंच. बळी ख्रिश्चन होते, धर्माच्या नावाने माथी भडकवली गेली, बाटवाबाटवी झाली. पण निर्णय घेणारे तरुण तुर्क हे राष्ट्रवादी होते, आणि मुस्लिम असूनही विरोध करणारे कमी नव्हते. अलेप्पोचे आणि नंतर कोन्याचे गव्हर्नर जलाल बे यांनी हद्दपारीचे हुकूम अडवले आणि नोकरी गमावली. लिजेचे अधिकारी हुसेन नेसिमी यांनी हुकूम मानला नाही आणि जीव गमावला. मक्केचे शरीफ हुसेन यांनी आर्मेनियनांना आसरा द्या असं फर्मान काढलं आणि वाळवंटातल्या अनेक अरब घरांनी तो दिला. फॉरवर्डमध्ये ही नावं नसतात.

१७. भारताने याला वंशसंहार म्हणून मान्यता दिली आहे का?

नाही. फ्रान्सने २००१ मध्ये, जर्मनीच्या संसदेने २०१६ मध्ये, अमेरिकेच्या अध्यक्षांनी २०२१ मध्ये दिली. उरुग्वेने तर १९६५ मध्येच. भारत यावर अधिकृतपणे काही बोलत नाही. मात्र उपराष्ट्रपती हमीद अन्सारी यांनी २०१७ मध्ये आणि परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर यांनी २०२१ मध्ये येरेव्हानमधल्या त्सित्सेर्नाकाबेर्द या १९१५ च्या बळींच्या स्मारकाला भेट दिली.

जोडप्रश्न येतो: पाकिस्तान तर आर्मेनियाला देश म्हणूनही मानत नाही ना? मानत नव्हता. ऑगस्ट २०२५ अखेरीस दोघांनी राजनैतिक संबंध जोडले.

१८. महाराष्ट्राचा याच्याशी काही संबंध?

१९१५ शी थेट नाही. आर्मेनियन व्यापारी त्याच्या कितीतरी आधी सुरतमार्गे मुंबईत आले. फोर्टमधलं सेंट पीटर्स आर्मेनियन चर्च आणि आर्मेनियन लेन त्यांची खूण. आताचा संबंध शस्त्रांचा आहे. आर्मेनियाने भारताकडून घेतलेली पिनाका रॉकेट यंत्रणा पुण्याच्या पाषाणमधल्या एआरडीई या संरक्षण प्रयोगशाळेत घडली. तुर्कस्तानशी जुळवून घेता घेता आर्मेनिया हत्यारंही घेतोय, यात विसंगती शोधू नका. हरलेला देश दोन्ही करतो.

१९. युरोपात हा वंशसंहार नाकारणं गुन्हा आहे का?

देशागणिक वेगळं. स्वित्झर्लंडमध्ये तुर्की राजकारणी दोउ पेरिंचेक यांना 'हे आंतरराष्ट्रीय थोतांड आहे' म्हटल्याबद्दल शिक्षा झाली. १५ ऑक्टोबर २०१५ रोजी युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने ती अभिव्यक्ती स्वातंत्र्याचा भंग ठरवली. तुर्की वर्तमानपत्रांनी 'वंशसंहार झाला नाही असं कोर्ट म्हणालं' असे ढोल पिटले. कोर्टाने तसं काही म्हटलं नाही. तो प्रश्न आपल्यापुढे नाही, असं म्हटलं. फ्रान्सचा नकाराला शिक्षा देणारा कायदा तिथल्या घटना परिषदेने २०१२ मध्ये रद्द केला.

२०. मग कुणालाच कधी भरपाई मिळाली नाही का?

राज्याकडून नाही, विमा कंपन्यांकडून मिळाली. १९१५ पूर्वी ऑटोमन मुलखात पुष्कळ आर्मेनियनांनी परदेशी कंपन्यांचे आयुर्विमे काढले होते. अमेरिकेचे तेव्हाचे राजदूत हेन्री मॉर्गेन्थाऊ यांनी लिहून ठेवलंय की तलातने त्यांच्याकडे त्या विमेदारांची यादी मागितली: सगळे मेले, वारस नाहीत, तेव्हा पैसे सरकारचे! वारस होते. त्यांच्या नातवंडांनी अमेरिकेत दावे लावले. न्यूयॉर्क लाइफने २००४ मध्ये दोन कोटी डॉलरवर आणि फ्रान्सच्या आक्साने २००५ मध्ये एक कोटी सत्तर लाख डॉलरवर तडजोड केली. पुढचे दावे मात्र अडकले. ज्या कॅलिफोर्निया कायद्याच्या आधारे ते लावले होते, तो २०१२ मध्ये अपील न्यायालयाने परराष्ट्र धोरणात ढवळाढवळ म्हणून बाद केला.

२१. माझी मुलगी येरेव्हानला एमबीबीएस करते. सुट्टीत इस्तंबूलमार्गे येते. या विषयावर बोलताना काय सांभाळावं?

येरेव्हानमध्ये २४ एप्रिलला सुट्टी असते आणि लोक फुलं घेऊन त्सित्सेर्नाकाबेर्दला जातात. तिने जरूर जावं, परक्यांचं तिथे स्वागतच असतं. फक्त 'दुसरी बाजू काय म्हणते?' हा प्रश्न त्या दिवशी, त्या रांगेत नको.

तुर्कस्तानात कलम ३०१ अजून आहे. २००८ नंतर त्याखाली खटल्याला न्यायमंत्र्यांची परवानगी लागते, त्यामुळे खटले कमी झाले. ट्रान्झिटमधल्या विद्यार्थिनीला त्याची झळ बसण्याचं काही कारण नाही. पण तिथे थांबून समाजमाध्यमांवर झेंडा किंवा राष्ट्र यांवर शेरेबाजी करू नये, आणि टॅक्सीवाल्याशी १९१५ वर हुज्जत घालू नये. कुणाशी शांतपणे बोलायची इच्छा असेल तर शिश्ली भागात 'आगोस'च्या जुन्या कचेरीत ह्रांत दिंक यांच्या स्मृतीसाठी केलेलं संग्रहालय आहे. ते पाहायला येणाऱ्यांत तुर्कही असतात.